बरोमधे घर घेतलंय? मग हे एकदा वाचून घ्या

न्यू जर्सीत एडिसनला चार-पाच वर्षं अपार्टमेंटमधे काढून आपले लोक मेटचनमधे घर घेतात आणि पहिल्या महिन्यातच विचारतात, की अरे जेमतेम दीड मैल सरकलो तर कचऱ्याचा वार वेगळा, रात्री रस्त्यावर गाडी लावायचे नियम वेगळे, शाळा वेगळी, मेयर वेगळा, हे काय प्रकरण आहे. नकाशा उघडा म्हणजे कळेल. मेटचन एडिसनच्या मधोमध आहे, मेदूवड्याच्या भोकासारखं, चारी बाजूंनी एडिसन. १९०० साली ते रॅरिटन टाउनशिप नावाच्या मोठ्या गावातून फुटून निघालं आणि उरलेल्या टाउनशिपने १९५४ मधे नाव बदलून एडिसन केलं. न्यू जर्सीत अशी वेगवेगळी ५६४ गावं आहेत, प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र, आणि त्यातली बरीचशी बरो, म्हणजे स्वतःची वेगळी नगरपालिका असलेली छोटी गावं.

मी पण अशाच एका बरोमधे राहतो, नाव सांगत नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे. नवीन घर घेतलेल्या मित्रांना फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आधी गंमत. बरो हा शब्द आपल्याला तसा नवा नाही. १९२५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या मोठ्या गावांना बरो म्युनिसिपालिटी केलं होतं, आमच्या आजोबांच्या घरपट्टीच्या पावत्यांवर सोलापूर बरो म्युनिसिपालिटी असंच छापलेलं असायचं. लहानपणी वाटायचं बरो म्हणजे 'बरी' च्या जवळपासचं काहीतरी असेल.

इथे इतकी बरो झाली कशी त्यालाही कारण आहे आणि ते शाळेचं. १८९४ मधे राज्याने कायदा केला की टाउनशिपमधल्या सगळ्या छोट्या शाळा एकत्र करून एकच शाळा-जिल्हा करायचा, पण बरो असेल तर त्याला स्वतःचा वेगळा ठेवता येईल. झालं. आमच्या पैशाने शेजारच्या गावाची शाळा का चालवायची म्हणून लोकांनी धडाधड बरो काढली, बर्गन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) तर त्या एका वर्षात २६. भाऊबंदकीत वाड्याच्या खोल्या वाटून घेतात आणि मग प्रत्येकाची चूल वेगळी, तसला प्रकार. परत एकत्र येणं फार अवघड असतं, प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप २०१३ च्या १ जानेवारीला एक झाली, त्याआधी कितीतरी वेळा ते मतदानात आपटलं होतं.

आता मुद्द्याचं, बरोमधे कोणाच्या हातात काय असतं. मेयर एक, चार वर्षांसाठी. कौन्सिलवर सहा जण, तीन वर्षांसाठी, आणि दर नोव्हेंबरला त्यातल्या दोन जागांची निवडणूक. वॉर्ड-प्रभाग काही नाही, सहाही जण सगळ्या गावाचे, म्हणून 'आपल्या गल्लीचा नगरसेवक' शोधत बसू नका, असा कोणी नसतोच. मेयर मीटिंग चालवतो पण मत देत नाही, तीन-तीन अशी बरोबरी झाली तरच देतो. ऑर्डिनन्सवर, म्हणजे गावाच्या कायद्यावर, व्हेटो मारू शकतो, पण कौन्सिलच्या दोन तृतीयांश लोकांनी ठरवलं तर तो व्हेटोही उडतो. थोडक्यात मेयर दिसायला मोठा, रिबिनी कापायला पुढे, ताकद सगळी सहा जणांकडे. एडिसनला उलटं आहे, तिथे मेयरच कारभार चालवतो, म्हणून एडिसनहून आलेला माणूस सवयीने सगळं मेयरला ईमेल करतो आणि मग मेयर काही करत नाही म्हणून रागावतो.

एक सावधगिरी, नावात बरो आहे म्हणून कारभारही बरो पद्धतीचा असेलच असं नाही, काही ठिकाणी नाव बरो आणि पद्धत दुसरीच असते, तेव्हा आपल्या गावाच्या वेबसाईटवर एकदा बघून घ्या.

आपल्याकडे नगरपरिषदेत मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवतं, तीन वर्षांत त्याची बदली होते, लोकनियुक्त एकीकडे आणि साहेब एकीकडे. इथे तसला साहेब वरून येत नाही. रोजचा कारभार बघायला ॲडमिनिस्ट्रेटर असतो, त्याला बरोच नेमतं आणि बरोच काढतं. आणि मग आहे क्लार्क. क्लार्क म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टेबलावर फायलींचा ढीग आणि 'उद्या या' म्हणणारा कारकून येतो, इथेच आपण फसतो. इथला म्युनिसिपल क्लार्क परीक्षा देऊन राज्याचं सर्टिफिकेट घेतलेला अधिकारी असतो, निवडणुका, मीटिंगची मिनिटं, लायसन्सं, सगळे सरकारी कागद त्याच्याकडे. मेयर येतात जातात, क्लार्क वीस वीस वर्षं तिथेच असतो. काहीही अडलं आणि कोणाकडे जायचं कळत नसेल तर क्लार्कच्या खिडकीत जा, सकाळी, गर्दी नसताना, नीट नमस्कार-चमत्कार करून. ओळख काढायची गरज नाही, प्रश्न नेमका पाहिजे.

खड्डा पडला तर कोणाला सांगायचं, हे पण वाटतं तितकं सोपं नाही. गावातून जाणारे सगळे रस्ते गावाचे नसतात. निळी पंचकोनी पाटी आणि त्यावर पिवळा नंबर असेल तर तो काउंटीचा रस्ता, पांढऱ्या गोलात काळा नंबर असेल तर राज्याचा, पाटीच नसली तर बहुधा बरोचा. आमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्यासाठी मी बरोच्या लोकांना तीन ईमेल केल्या, तिसऱ्याला एका भल्या माणसाने उत्तर दिलं की दादा तो निम्मा खड्डा आमचा आणि निम्मा काउंटीचा आहे. काउंटीला कळवा. (म्हणजे 'दादा' नाही म्हणाला, पण सूर तोच.) विजेचा खांब बरोचा नसतो, वीज कंपनीचा असतो, पण मिलटाउन आणि साउथ रिव्हर अशी काही बरो आहेत जी वीजसुद्धा स्वतः पुरवतात, तिथे बिलही बरो हॉलमधूनच येतं.

शाळेचं तर मेयरकडे काहीच नाही. शाळेचं बोर्ड वेगळं निवडून येतं, त्याचं बजेट वेगळं, मीटिंग वेगळी, आणि त्या लोकांना पगारही नसतो. तरी दर वर्षी कोणीतरी कौन्सिलच्या मीटिंगला येऊन शाळेच्या बसवरून मेयरला झापतोच.

आता टॅक्स, कारण खरं दुखणं तिथे. बिल एकच येतं, बरोच्या टॅक्स कलेक्टरकडून, म्हणून सगळ्यांना वाटतं बरो लुटतंय. बिलावरच विभागणी छापलेली असते ती वाचा, साधारण निम्म्याच्या आसपास शाळेला जातात, एक वाटा काउंटीला, आणि उरलेला बरोचा. कलेक्टर फक्त गोळा करून वाटतो, पोस्टमनसारखा. राज्याची घरामागची सरासरी २०२४ मधे पहिल्यांदाच वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली. हप्ते चार: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. बहुतेक गावं दहा दिवसांची सवलत देतात पण ती चुकली तर व्याज ११ तारखेपासून नाही, १ तारखेपासून लागतं, आणि ते पहिल्या १,५०० डॉलरवर ८ टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर १८ टक्क्यांपर्यंत. 'बिलच आलं नाही' हे कारण चालत नाही, कायद्यातच तसं आहे. मला कसं माहीत? घर घेतलं त्या वर्षी बिल आधीच्या मालकाच्या नावाने कुठेतरी फिरत राहिलं, मला वाटलं कर्जाच्या हप्त्यातून बँक भरतेय, बँकेला वाटलं मी भरतोय. तेव्हा घराचे कागद झाले की त्याच आठवड्यात कलेक्टरच्या ऑफिसला फोन करून नाव-पत्ता बदलून घ्या आणि कोण भरतंय ते बँकेला विचारा.

घराची किंमत जास्त लावलीय असं वाटत असेल तर कलेक्टरशी भांडू नका, ते काम असेसरचं, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणाऱ्याचं. अपील काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे, बहुतेक काउंट्यांत १ एप्रिलपर्यंत, पण मॉनमथसारख्या काही ठिकाणी १५ जानेवारी, आणि गावात नव्याने मूल्यांकन झालं असेल तर वेगळी तारीख, म्हणून असेसमेंटचं जे पोस्टकार्ड येतं (बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत) ते जाहिरात समजून टाकू नका. आणि अपील करताना 'टॅक्स फार आहे' हा मुद्दाच नाही, 'माझं घर या किमतीला विकलंच जाणार नाही, ही बघा शेजारची विक्री' हा मुद्दा.

मीटिंगचं आता. वर्षाची सुरुवात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, रिऑर्गनायझेशन मीटिंग म्हणतात. नवीन लोक शपथ घेतात, फोटो, केक, कॉफी, आणि त्या गडबडीत एकापाठोपाठ एक ठराव पास होतात, वकील कोण, इंजिनियर कोण, बँक कुठली, वर्षभराच्या मीटिंगच्या तारखा कुठल्या. लोक केक खाऊन जातात. खरं तर वर्षाचा निम्मा कारभार त्या तासाभरात ठरलेला असतो, त्या ठरावांची यादी वेबसाईटवरून उतरवून घ्या.

ठराव आणि ऑर्डिनन्स यातला फरक लक्षात ठेवा. ठराव म्हणजे रिझोल्यूशन, एकाच मीटिंगमधे आला, हात वर झाले, संपलं. ऑर्डिनन्स म्हणजे गावाचा कायदा, तो दोनदा यावा लागतो. पहिल्यांदा नुसतं शीर्षक वाचून मांडतात, मग नोटीस प्रसिद्ध होते, आणि किमान दहा दिवसांनी दुसरं वाचन, त्या वेळी सुनावणी, कोणीही बोलू शकतं. आपले लोक येतात ते दुसऱ्या वाचनाला, तेसुद्धा व्हॉट्सॲपवर कोणीतरी फोटो टाकला म्हणून. पण तोपर्यंत मसुदा वकिलाकडून होऊन आलेला असतो, कमिटीत चर्चा झालेली असते, सहा जणांनी मनात मत ठरवलेलं असतं. बदल करून घ्यायचा असेल तर पहिल्या वाचनाच्या आधी, म्हणजे अजेंड्यावर नाव दिसल्याबरोबर, त्या विषयाच्या कमिटीवर जो कौन्सिलवाला आहे त्याला साधी दहा ओळींची ईमेल टाका. एका दुकानदार मित्राने पाट्यांच्या नियमावर अशीच ईमेल टाकली होती, नवीन नियमात पाटीचा आकार एवढा लहान होता की त्याच्या दुकानाचं नाव मावेना, मसुद्यात आकडा बदलला, मीटिंगला कोणाला यायलाही लागलं नाही.

बोलायचंच असेल तर १९७५ चा ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट आहे, सनशाईन लॉ म्हणतात त्याला, मीटिंग उघड झाली पाहिजे आणि नगरपालिकेच्या मीटिंगमधे लोकांना बोलायला वेळ ठेवलाच पाहिजे. बंद दाराआड जाता येतं पण ठराविक कारणांसाठी, नोकरवर्गाचे विषय, कोर्टकचेरी, जागा खरेदी वगैरे. नागरिक असायला पाहिजे असं काही नाही, एच-वन व्हिसावर असलात तरी माइकपाशी जाऊन नाव-पत्ता सांगून बोलू शकता. बहुतेक ठिकाणी तीन ते पाच मिनिटं मिळतात. आपली सवय म्हणजे आधी मान्यवरांचे आभार, मग मी या गावात कधी आलो, मग मुद्दा, आणि मुद्द्यावर यायच्या आत घंटा वाजते. पहिल्या वाक्यात मागणी सांगा: अमुक रस्त्याच्या कोपऱ्यावर स्टॉप साइन पाहिजे. मग का ते. मग बसा.

हां, आणि मतदानाबाबत एक गोष्ट फार जपा. बोलायला नागरिकत्व लागत नाही पण मत द्यायला लागतं, आणि इथे लायसन्स काढताना मतदार नोंदणी आपोआप होते. नागरिक नसाल तर त्या स्क्रीनवर घाईघाईत 'येस' दाबू नका, पुढे ग्रीनकार्ड-सिटिझनशिपच्या वेळी ते महागात पडतं.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते २०० फुटांच्या पत्राबद्दल. एक दिवस सर्टिफाइड मेलने जाड पाकीट येतं, वकिलाच्या नावाचं, भाषा अशी की छातीत धडधडतं. घाबरू नका, तुमच्यावर केस नाही झालेली. तुमच्या घरापासून २०० फुटांच्या आत कोणालातरी नियमात न बसणारं बांधकाम करायचंय, त्याला व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, पाहिजे, म्हणून त्याने सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी सगळ्या शेजाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्यातले बरेच जण ते पाकीट ड्रॉवरमधे टाकतात आणि सहा महिन्यांनी खिडकीतून भिंत दिसली की चिडतात.

आमच्या मागच्या घराचं असं पत्र आलं, त्यांना मागे मोठी खोली वाढवायची होती. खोलीला माझी ना नव्हती, पण त्यांचं अंगण आमच्यापेक्षा दीड फूट उंच, आधीच पाऊस झाला की पाणी आमच्या कुंपणाखालून येतं आणि बेसमेंटचा पंप रात्रभर घुरघुरत असतो. मी सवयीप्रमाणे एका ओळखीच्या कौन्सिलवाल्याला फोन केला. तो म्हणाला यात मला पडताच येत नाही, अशी सूट द्यायची की नाही ते ठरवणारं झोनिंग बोर्ड वेगळं आहे, निवडून आलेला माणूस त्यावर बसूच शकत नाही, आणि बोर्डाच्या लोकांनी अर्जाबद्दल मीटिंगबाहेर कोणाशी बोलायचं नसतं. मग मी सहा शेजाऱ्यांच्या सह्यांचं पत्र तयार केलं. क्लार्कच्या ऑफिसातल्या बाईंनी समजावलं की पत्र उपयोगाचं नाही, इथे साक्ष शपथेवर होते, पत्राला उलटप्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून माणूसच आला पाहिजे. शिवाय सुनावणीच्या आधी दहा दिवस नकाशे ऑफिसात बघायला ठेवलेले असतात, ते जाऊन बघा म्हणाल्या. बघितले. छताचं पाणी कुठे जाणार याचा एक छोटा बाण होता आणि तो बाण सरळ आमच्या घराकडे होता.

सुनावणीच्या रात्री मोबाईलवरचे फोटो दाखवायला गेलो तर बोर्डाचा वकील म्हणाला फोन दाखवलात तर पुरावा म्हणून तो ठेवून घ्यावा लागेल, प्रिंट आहेत का? नशिबाने बायकोने फार्मसीतून प्रिंट काढून पर्समधे ठेवले होते. ते एक्झिबिट म्हणजे पुरावा म्हणून दाखल झाले, नंबर पडला. आधी त्यांच्या इंजिनियरला प्रश्न विचारायची संधी मिळते, तेव्हा फक्त प्रश्नच विचारायचे, भाषण नाही, मी दोनदा भाषणात घसरलो आणि दोनदा थांबवलं. पण तिसऱ्यांदा विचारलं की हा बाण कुठे जातो. तो पाच सेकंद नकाशाकडे बघत राहिला. शेवटी परवानगी मिळाली त्यांना, मिळायलाच हवी होती, पण अट पडली की छताचं पाणी त्यांच्याच आवारात शोषखड्डा करून मुरवायचं. आता पंप घुरघुरतो पण आधीपेक्षा कमी, आणि शेजाऱ्याशी बोलणंही आहे, दिवाळीला चकल्या गेल्या.

तुम्हाला स्वतःला डेक-बेसमेंट करायचं असेल तर हेच उलट्या बाजूने लागू. पत्र पाठवायच्या आधी शेजाऱ्याच्या दारात नकाशा घेऊन जा. आणि परमिटशिवाय बेसमेंट करू नका, घर विकताना निघतंच ते.

माहिती मागायची असेल तर ओप्रा आहे, आपल्या माहिती अधिकाराचा इथला भाऊ, ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. अर्ज क्लार्ककडे, साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर, काही प्रकारच्या कागदांना जास्त, कॉपीचे पानाला पाच सेंट, ईमेलवर मागितलं तर बहुतेक वेळा फुकट. पण 'रस्त्यासंबंधी सर्व माहिती द्या' असं आपल्याकडच्यासारखं लिहिलंत तर परत येतं. कुठला कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, असं नेमकं मागा.

राजकारण कुठे असतं विचाराल तर जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. बरोच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होतात, आणि बऱ्याच गावांत एकाच पक्षाचा जोर असतो म्हणून नोव्हेंबरला नुसती औपचारिकता उरते. त्याहून छोटी खोली म्हणजे पक्षाची गावातली कमिटी. कौन्सिलवाला मधेच सोडून गेला तर ज्या पक्षाचा तो असेल ती कमिटी तीन नावं देते आणि कौन्सिल त्यातलं एक उचलतं. गावात हजारो मतदार आणि माणूस ठरवणार वीस-तीस जण, तेही कोणाच्यातरी हॉलमधे पिझ्झा खात. मला हे पटत नाही, पण त्या कमिटीच्या जागा अनेकदा रिकाम्या असतात कारण कोणी अर्जच भरत नाही, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार.

एकदम निवडणूक नको असेल तर बोर्डं आणि कमिशन आहेत, लायब्ररी, आरोग्य, पर्यावरण, करमणूक, झाडांचं शेड ट्री कमिशन. वर्षाअखेरीला बरो हॉलमधे फॉर्म मिळतो, एक पान. मी दोन वर्षांपूर्वी शेड ट्रीचा भरला, वाटलं कोण विचारतंय, तर जानेवारीत पत्र आलं की तुमची नेमणूक झाली. आम्ही पाच जण, महिन्यातून एकदा. मागच्या वेळी पाऊण तास एकाच मेपलवर गेला, मुळांनी फूटपाथ उचललाय, घरमालकाला तोडायचंय, आमच्यातल्या एका ऐंशीच्या आजी म्हणाल्या हे झाड मी शाळेत असताना लावलंय. विषय पुढच्या मंगळवारवर ढकललाय, तोपर्यंत एकाने जाऊन मुळं मोजून यायची, आणि ते काम माझ्याकडे आलंय.